तुळसा आणि पाच मिनिटांची बालदी

तुळसा पाष्टे माझ्याकडे पाचवी ते सातवी अशी तीन वर्षं होती. हातखंब्याच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून तासभर चालल्यावर लागणाऱ्या एका वाडीतली ती मुलगी. वर्गात पहिल्या पाचांत ती कधी आली नाही. पण फळ्यावर मी सोडवलेलं गणित ती तसंच्या तसं उतरवून घ्यायची नाही, हे मला पक्कं आठवतं. आधी पाटीवर स्वतः करून बघायची आणि जुळलं तरच वहीत लिहायची. घंटा व्हायची, मुलं डबे उघडायची आणि ही ओठ आत ओढून बाकावर बसलेली. उत्तर बरोबर आहे, लिहून घे, असं मी सांगितलं की मान हलवायची आणि पुन्हा पाटीकडे वळायची. सातवीनंतर तिची शाळा थांबली. पुढची शाळा लांब होती आणि पाठची तीन भावंडं घरात होती.

आता ती बावन्न वर्षांची आहे. नवरा शिवा मुंबईत मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन आहे. शिमग्याला आणि गणपतीत येतो, एरवी रोज संध्याकाळी फोन. दोन्ही मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर तुळसा रत्नागिरीत आली आणि मिरजोळ्याच्या बाजूला नर्सिंगच्या मुलींचं नवं वसतिगृह झालं, तिथे झाडूपोछ्याच्या कामाला लागली. माझं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर. त्यामुळे इतक्या वर्षांनी ती पुन्हा माझ्या ओळखीच्या अंतरात आली.

पंपाचं काम तिच्याकडे कसं आलं, ते ऐकण्यासारखं आहे. नेमलेला पंपवाला दोन महिन्यांत सोडून गेला. वसतिगृहाच्या रेक्टर दीपाली मॅडमनी विचारलं, दुसरा माणूस मिळेपर्यंत सकाळ-संध्याकाळ बटण कोण दाबेल? तुळसानं हात वर केला. दुसरा माणूस काही मिळाला नाही. महिन्याभरात पंपाचा आवाज ऐकून विहिरीत पाणी किती उरलं आहे, ते तिला ओसरीवरून सांगता यायला लागलं.

इमारत कातळावर बांधलेली, तीन मजल्यांची. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, बाहेरून गिलावा नाही. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे रुंद व्हरांडे, म्हणजे खोल्यांच्या भिंतीवर दुपारचं ऊन थेट पडत नाही. छतावर पाणी तापवायच्या सौर पट्ट्या. संस्थेचे सचिव राजारामभाऊ यांनी मुंबईतल्या गाववाल्यांकडून देणग्या आणून ही इमारत उभी केली. तिला हरित इमारतीचं मानांकन मिळावं, दर्शनी भिंतीवर ताऱ्यांची पाटी लागावी, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी कोल्हापूरहून गुरुप्रसाद नावाचा एक तरुण इंजिनीअर सल्लागार म्हणून नेमला होता.

हा गुरुप्रसाद चांगला मुलगा. पहिल्याच भेटीत त्यानं तुळसाला पंपघराच्या पायरीवर बसवून सगळं समजावलं. मानांकन देणारे आधी कागदावर एक साधी इमारत धरतात. तेवढ्याच आकाराची, तेवढ्याच माणसांची, पण साधे नळ, साधे पंखे, साध्या भिंती असलेली. ती इमारत वर्षाला किती वीज आणि किती पाणी खाईल, त्याचा हिशोब मांडतात. मग आपली इमारत किती खाईल, त्याचा. आपला वापर जितके टक्के कमी, तितके गुण. पण एवढ्यावर भागत नाही. माणसं राहायला आल्यावर बारा महिने मीटर वाचायचे आणि कागदावर लिहिलेलं खरं झालं का, ते दाखवायचं.

तुळसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपली शर्यत जी इमारत कुणी बांधलीच नाही, तिच्याशी?"

गुरुप्रसादनं नंतर मला सांगितलं, की हा विषय शिकवणाऱ्या त्याच्या प्राध्यापकांनाही तो इतक्या थोडक्यात सांगता आला नव्हता.

म्हणून त्या इमारतीत मीटरच मीटर होते. विजेचा एक दिव्या-पंख्यांचा, एक स्वयंपाकघराचा, एक पावसाळ्यात ऊन नसताना पाणी तापवणाऱ्या हिटरचा, एक पंपाचा. पाण्याचे छतावरच्या टाकीपासून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर: तिन्ही मजल्यांच्या न्हाणीघरांना एकेक, स्वयंपाकघराला एक, बागेला एक. न्हाण्याचं पाणी गाळून संडासाच्या टाक्यांना जायचं, त्यालाही एक. रोज सकाळी सहाला तुळसा चष्मा लावून सगळे मीटर वाचायची आणि दोन लांब वह्यांत लिहायची, विजेचे एकीत, पाण्याचे दुसरीत. रजेवर असेल त्या दिवशी त्या रकान्यात फुली. दीपाली मॅडमनी एकदा सुचवलं, की आदल्या-पुढल्या दिवसांवरून मधला आकडा काढून भरायला काय हरकत आहे? तुळसा म्हणाली, मी बघितलेला नाही तो आकडा माझ्या अक्षरात कसा लिहू? फुल्या तशाच राहिल्या. वर्षात सात होत्या.

पहिल्या आठ महिन्यांचे आकडे घेऊन गुरुप्रसाद फेब्रुवारीत आला, तेव्हा विजेच्या बाजूला आनंदीआनंद होता. कागदावर जेवढी वीज धरली होती, त्याहूनही थोडी कमीच लागली होती. चिऱ्याच्या भिंती आणि व्हरांडे आपलं काम चोख करत होते. पाण्याची बाजू मात्र वाईट होती. साध्या इमारतीत एका मुलीला दिवसाला एकशे पस्तीस लिटर लागतील असं धरलेलं. आमच्या इमारतीत पाणी वाचवणारे नळ बसवल्यामुळे शहाऐंशी लागतील असं लिहून दिलेलं. तुळसाची वही सांगत होती, एकशे सतरा. मुली एकशे वीस. एवढ्या फरकानं पाण्याचे निम्मे गुण हातचे जात होते आणि उन्हाळा तोंडावर आला होता.

दीपाली मॅडमच्या खोलीत बैठक झाली. तुळसा दारात उभी होती. राजारामभाऊ वाईट माणूस नव्हेत, पण ज्यांच्याकडून देणग्या आणल्या, त्यांना त्यांनी पाटीचा शब्द दिला होता. ते म्हणाले, दोनच गोष्टी संभवतात. एक तर पंप चालू ठेवून बाई दुसऱ्या कामाला जाते आणि टाकी वाहते, नाहीतर वही अंदाजानं भरली जाते. सातवी शिकलेल्या बाईच्या वहीवर एवढं मोठं काम सोपवायलाच नको होतं. महिन्याभरात कारण सापडलं नाही, तर मीटर वाचायला पुण्याच्या एका एजन्सीचा माणूस येईल आणि तुळसाला पुन्हा झाडूपोछ्यावर पाठवलं जाईल.

झाडूपोछ्याची तिला लाज नव्हती. संध्याकाळी मला रस्त्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, की झाडू तर मी अजूनही मारते, पण वही खोटी म्हणाले. त्या रात्री शिवाचा फोन आला. त्याला सवयीप्रमाणे थट्टा सुचली. "काय गो, टाकी ओतून दिलीस म्हणे? आमच्याकडं टाकी वाहिली, तर चौथ्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून माझा उद्धार करते. तुला ओरडायला कोण नाय का?"

"टाकी वाहिली असती, तर मीच मला ओरडले असते," तुळसा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. पाच मिनिटांनी त्यानं पुन्हा लावला आणि या खेपेला नीट विचारलं.

रविवारी ती दोन्ही वह्या पिशवीत घालून माझ्याकडे आली. चहा नको म्हणाली. वह्या माझ्यासमोर टेबलावर उघडून ठेवल्या आणि म्हणाली, "बाई, पंपानं खाल्लेली वीज या वहीत आहे, छतावरून उतरलेलं पाणी त्या वहीत. मी पाण्याचा आकडा मनचा लिहिला असता, तर विजेशी तो जुळला असता का? तुम्ही भागून बघा. माझा भागाकार आता हळू चालतो."

मी भागून बघितलं. एका आठवड्याचं पाणी भागिले त्या आठवड्याची पंपाची वीज. एक युनिट विजेत चार हजार लिटर पाणी वर चढत होतं. दुसरा आठवडा, चार हजारांच्या थोडं खाली. पावसाळ्यातला एक आठवडा घेतला, तेव्हा विहीर भरलेली असल्यानं पाणी कमी उंची चढायचं, तिथे आकडा थोडा वर गेला. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी, तेव्हा पाणीही कमी, वीजही कमी, भागाकार तोच. आम्ही बत्तीस आठवडे केले. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या खरेपणानं भरलेली वही मी बघितली नव्हती, आणि ते मी तिला सांगितलंही.

ती खूश झाली नाही. म्हणाली, म्हणजे पाणी खरंच जातंय. आता ते कुठे जातंय, ते शोधायला पाहिजे.

टाकी वाहत नव्हती हे तिला माहीत होतं; वाहत्या टाकीचं पाणी मजल्यांच्या मीटरवर चढलंच नसतं. नळजोडात कुठे गळती असेल, तर ती चोवीस तास गळेल. म्हणून तिनं मुली झोपल्यावरचं आणि त्या उठायच्या आधीचं रीडिंग ताडून बघितलं. दोन्ही एकच. गळती नाही. स्वयंपाकघराचा मीटर कागदाला धरून होता, बागेचा तर त्याहून कमी. उरले तीन मजल्यांच्या न्हाणीघरांचे मीटर. आठ दिवस ती दर तासाला जिना चढून ते वाचत राहिली. सगळा फरक सकाळी साडेपाच ते साडेसातमध्ये होता.

नवव्या दिवशी ती साडेपाचलाच हातात फडकं घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरांबाहेर कट्टा पुसत बसली. मुली यायला लागल्या. दिशा नावाची एक मुलगी हर्णेहून आलेली, अभ्यासात पुढे आणि बोलण्यात त्याहून. तिनं वीस लिटरची निळी बालदी नळाखाली ठेवली, नळ पूर्ण सोडला आणि खोलीत निघून गेली. नळाच्या तोंडाला पाणी वाचवणारी बारीक जाळी. धार करंगळीएवढी. तुळसा बघत राहिली. बालदी अर्धी झाली, पाऊण झाली, काठोकाठ भरली आणि वाहायला लागली. दिशाचा पत्ता नाही. शेजारच्या नळाखालीही तेच. त्याच्या पलीकडेही तेच.

"दिशा, बालदी भरली गो," तुळसानं हाक मारली.

"आले, आले, मावशी." दिशा आली, तिची एक वेणी घातलेली, दुसरी हातात धरलेली. "मी तरी काय करू? हा नळ मेला थेंब थेंब रडतो. त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे कॉलेजची बसच जायची."

"घरी पण अशीच सोडून जातेस का बालदी?"

"घरी कशाला जाईन? घरच्या नळाला ठेवली की भरली. इकडे तिकडे बघायला पण वेळ नाय मिळत. आणि आई पाठीमागे उभी असते ती वेगळीच."

तुळसानं फोनमधलं घड्याळ लावून तीच बालदी पुन्हा भरून बघितली. पाच मिनिटं आणि वर थोडे सेकंद. मग बालदी घेऊन ती खाली स्वयंपाकघरामागच्या मोरीत गेली. तिथला नळ साधा, जाळी नसलेला. एक मिनिट चाळीस सेकंद. आणि तिथे काम करणारी सीता मावशी नळ सोडून कुठे जात नाही, हे तुळसा वर्षभर बघत होती. तेवढ्या वेळात जाणार कुठे?

तिनं एक पूर्ण सकाळ मुली किती बालद्या भरतात ते मोजलं. आंघोळीची एक, कपड्यांच्या दोन. प्रत्येक बालदी सरासरी तीन मिनिटं वाहत होती, म्हणजे बारा लिटर. तीन बालद्या, छत्तीस लिटर. आकडा घेऊन ती माझ्याकडे आली नाही. तिचा तिलाच जुळला होता.

गुरुप्रसाद गुरुवारी आला. ती त्याला सरळ न्हाणीघरात घेऊन गेली आणि एका बालदीसमोर उभं केलं. तीन मिनिटांनी त्यानं फोन काढला. चौथ्या मिनिटाला फोनवर बोलत तो व्हरांड्यात गेला. परत आला तेव्हा पाणी त्याच्या बुटांपर्यंत पोचलं होतं.

तो खाली बघून हसायला लागला.

नंतर त्यानं आपला कागद काढून दाखवला. त्यात लिहिलं होतं: शॉवर, मिनिटाला सहा लिटर, पाच मिनिटं, तीस लिटर. साध्या इमारतीत हाच शॉवर मिनिटाला दहा लिटरचा धरायचा, तर पन्नास. म्हणजे शॉवरची धार बारीक केली की एका आंघोळीत वीस लिटर वाचतात. हिशोब बरोबर होता. शॉवर कितीजणी वापरतात, असं त्यानं विचारलं.

"शॉवरवर टॉवेल वाळत घालतात," तुळसा म्हणाली. "साहेब, धार बारीक असो की जाड, बालदी वीस लिटरचीच. बारीक धारेनं बालदीतलं पाणी कमी नाय होत. नुसती मुलगी नळापासून लांब जाते."

आणि हेही तिनंच दाखवून दिलं, की मुलींची आंघोळ मुळात वीस लिटरांत होते. कागदावरच्या शॉवरपेक्षा दहा लिटर कमी. मुली उधळ्या नव्हत्या. त्यांना उधळायला लावणारा नळ बसवला होता.

राजारामभाऊंना हे पटायला वेळ लागला. पाणी वाचवणाऱ्या इमारतीत जास्त पाणी सोडणारे नळ बसवायचे? लोक हसतील. शिवाय गुरुप्रसादनं प्रामाणिकपणे सांगितलं, की मानांकनात नळाच्या धारेला स्वतंत्र गुण आहेत. बालदीच्या नळांची जाळी काढली, तर त्यातले काही जातील. वर्षाच्या रीडिंगमध्ये ते भरून निघतील का, हे आज कुणी सांगू शकत नाही.

तुळसानं पंधरा दिवस मागितले, आणि एकच मजला. दुसऱ्या मजल्यावरच्या बालदीच्या नळांची जाळी काढायची. हात धुवायच्या नळांची तशीच ठेवायची, कारण तिथे हात धुवायला जेवढा वेळ तेवढंच पाणी, तिथे बारीक धार खरी कामाची. तिसऱ्या मजल्याला हात लावायचा नाही. दोन्हीकडे चाळीस-चाळीस मुली. मुलींना काही सांगायचं नाही, भाषण करायचं नाही. मीटर काय बोलतो ते बघायचं.

पाचवी-सहावीला मी शास्त्रही शिकवत असे. एका कुंडीला ऊन, एका कुंडीला सावली, बाकी सगळं सारखं, असा एक प्रयोग पुस्तकात होता. मी तो दरवर्षी घ्यायचे आणि दरवर्षी मुलं सावलीतली कुंडी दयेनं उन्हात आणून ठेवायची. हिनं तिसऱ्या मजल्यावर पंधरा दिवस पाणी वाहताना बघितलं आणि हात लावला नाही. तेवढं सोपं नाही ते. एक दिवस मला म्हणाली, रोज सकाळी तिसऱ्यावर गेलं की हात नळाकडे जातो बाई, पण आता बंद केला, तर मागचे दिवस फुकट जातील.

पंधरा दिवसांनी, स्वयंपाकघराचा आणि बागेचा वाटा धरून, तिसरा मजला, माणशी एकशे सोळा लिटर. दुसरा मजला, एक्याऐंशी.

राजारामभाऊंनी आकडे दोनदा वाचले. मग स्वतः जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले, बालदी भरून बघितली आणि खाली येऊन म्हणाले, सगळ्या मजल्यांच्या काढा. पुण्याच्या एजन्सीचं नाव त्यानंतर निघालं नाही.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. बारा महिने मे अखेरीस पुरे होणार होते, आणि त्यातले साडेनऊ महिने जुन्या, वाहत्या बालद्यांचे होते. वर्षाची सरासरी काढली, तर पाण्याचे गुण पडायचेच. राजारामभाऊंनी तुळसाला बोलावलं. खुर्ची दिली, हे महत्त्वाचं. फेब्रुवारीत ती दारात उभी होती. त्यांनी सौम्य आवाजात विचारलं, आता खरा आकडा सापडलाच आहे, तर मागचे महिनेही थोडे सरळ करून घेता येतील का? नवीन वही घालायची, अक्षर तुमचंच.

तुळसा म्हणाली, "मागचं पाणी वाहून गेलं, भाऊ. ते वहीत परत कुठून आणू?"

दीपाली मॅडम तिथे होत्या, त्यांच्याकडून मला हे कळलं. त्या म्हणाल्या, भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि गुरुप्रसादला फोन लावून सांगितलं, की आपण या वर्षी फाईल पाठवत नाही. जूनपासून नवीन वर्ष धरा. पाटीची वाट बघणाऱ्यांना काय सांगायचं ते मी बघून घेतो. हे सांगताना त्यांना जड गेलं असणार, म्हणून मी त्यांचंही कौतुक करते. चुकलेला माणूस आपल्या चुकीपेक्षा मोठा होतो, तेव्हा ते लिहून ठेवलं पाहिजे.

नवीन वर्ष तुळसानं जून ते मे असं एकही मजला न चुकवता लिहिलं. फुल्या चारच. त्या बाजूच्या विहिरींचा मे महिन्यात दरवर्षी तळ दिसतो आणि टँकर येतात. दिवसाला सव्वाचार हजार लिटर वाचत होते, म्हणजे जवळजवळ एक टँकर. त्या मे महिन्यात पंपघराशेजारी टँकर फक्त तीनदा उभा राहिला. पंपही रोज एक युनिट कमी खात होता, त्यामुळे विजेचा आकडा आणखी खाली आला. शिवा गणपतीत आला तेव्हा हिनं त्याला पंपघरात नेऊन सगळे मीटर दाखवले. त्यानं जाऊन आपल्या सोसायटीत न्हाणीघरांचे नळ तपासले म्हणे. तिथे वेगळंच काहीतरी सापडलं, पण ती त्याची गोष्ट.

तपासणीला ऑगस्टमध्ये एक बाई आल्या. वयानं पस्तिशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी आधी इमारत हिंडून बघितली. पंख्यांचे वॅट, दिव्यांचे वॅट, खिडक्यांवरच्या सावल्या, सौर पट्ट्यांचा कल. प्रत्येक नळाखाली मापाची पिशवी धरून धार मोजली. बालदीच्या नळांपाशी थांबून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. राजारामभाऊंचा चेहरा उतरला. मग त्या पंपघरात आल्या आणि रीडिंग कोण घेतं ते विचारलं.

तुळसा पुढे झाली. त्यांनी वही उघडली, मनाला आली ती तारीख काढली आणि तिच्या पुढच्या-मागच्या आकड्यांची वजाबाकी केली. मग दुसरी तारीख. मग पंपाची वही मागितली. दोन्ही शेजारी ठेवून त्या भागाकार करायला लागल्या, तेव्हा तुळसानं माझ्याकडे एकदा बघितलं. मला दीपाली मॅडमनी त्या दिवशी बोलावून घेतलं होतं. मी खिडकीजवळ उभी होते.

"या फुल्या कशाच्या?" त्या बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी मी नव्हते."

"दुसऱ्या कुणी घेतलं नाही?"

"घेतलं असेल. मी बघितलं नाय, म्हणून लिहिलं नाय."

त्यांनी फुलीवर बोट ठेवलं, पान उलटलं, दुसऱ्या फुलीवर ठेवलं. मग म्हणाल्या, की त्या रोज वह्या तपासतात आणि जिथे तीनशे पासष्टच्या तीनशे पासष्ट आकडे असतात, तिथे त्यांना जास्त वेळ बसावं लागतं. त्यानंतर त्यांनी विचारलं, बालदीच्या नळांना जाळी का नाही? तुळसानं त्यांना वर नेलं. बालदी ठेवून, घड्याळ लावून, आधी जाळी बसवून आणि मग काढून, सगळं दाखवलं. जुन्या वर्षाची वहीही तिनं स्वतःहून पुढे केली, वाहत्या पाण्याची. कुणी मागितली नव्हती. अर्ध्या तासानं दोघी जिन्यानं खाली उतरल्या, तेव्हा तपासणीच्या बाई तिला तुळसाताई म्हणत होत्या आणि सगळं ऐकून घेत होत्या.

पाचपैकी चार तारे मिळाले. नळाच्या धारेचे काही गुण गेले ते गेलेच. नियम तो नियम. पण पाण्याच्या प्रत्यक्ष वापराचे पूर्ण गुण होते आणि विजेचेही. पाचव्या ताऱ्याबद्दल राजारामभाऊंना हळहळ वाटली का, ते मी विचारलं नाही. पाटी लागली त्या दिवशी त्यांनी देणगीदारांसमोर केलेल्या भाषणात फेब्रुवारीतली बैठक स्वतःहून सांगितली, आपण काय बोललो होतो ते शब्दांसकट. तुळसा पहिल्या रांगेत बसली होती. ऐकताना तिनं पदर नीट केला, एवढंच.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे बसली असताना तिला गुरुप्रसादचा फोन आला. सावर्ड्याला मुलांचं नवं वसतिगृह होतंय, त्याचं काम त्याच्याकडे आहे. नकाशे झालेत, नळ अजून घ्यायचेत. फोन स्पीकरवर होता, कारण चष्मा घरी राहिल्यामुळे तिनं भलतंच बटण दाबलं होतं.

"ताई, कागद करायला बसलोय," तो म्हणाला. "आधी तुम्हाला विचारायचं होतं. मुलगे आंघोळ कशी करतात हो?"

तुळसा हसली नाही. तिनं विचार केला.

"ते मला काय माहीत?" ती म्हणाली. "मुलींचं मी बघितलं होतं. तिथे आता मुलगे राहतात कुठे? जुन्या वसतिगृहात? मग सकाळी साडेपाचला तिथल्या मावशीला गाठायला पाहिजे. मी शनिवारच्या एसटीनं येते. तोवर कागदावर काय लिहू नका."